‘शन’ची साडेसाती आणि सोपेपणाचा सोस

सोप्या इंग्रजीचे पुरस्कर्ते आणि त्यांचे विरोधक यांच्यात गेली काही वर्षं जे चाललं आहे, त्याला वाद म्हणणं जिवावर येतं. एक बाजू सांगते, ‘शन’नं संपणारा शब्द दिसला की तो खोडा आणि क्रियापद लिहा. ‘इम्प्लिमेंटेशन’, ‘युटिलायझेशन’, ‘रॅशनलायझेशन’ ही सगळी बाबूशाहीची पिलावळ, तिला हाकलून दिलं की विचार आपोआप स्वच्छ होतील. संगणकावरची लेखन तपासणारी साधनं अशा शब्दांखाली रेघा ओढतात, नोकरीचा अर्ज लिहायला शिकवणारे तज्ज्ञ तेच घोकून घेतात. हेलन स्वोर्ड या अभ्यासक लेखिकेनं 2012 साली अशा नामांना ‘झॉम्बी’ हे नाव दिलं आणि ते चांगलंच गाजलं. अमेरिकेत 2010 साली सरकारी कागद सोप्या भाषेत लिहिण्याचा कायदा झाला, न्यूझीलंडमध्ये 2022 साली झाला, आणि तिथल्या विरोधी पक्षानं त्याची खिल्लीही उडवली. दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं: गहन विचार सोप्या शब्दांत मावत नसतो, ज्याला झेपत नाही त्यानं वाचू नये. आपल्याकडे 27 फेब्रुवारीच्या आसपास हाच सामना ‘करण’ प्रत्ययावरून रंगतो. एक जण ‘सुलभीकरणाचे सक्षमीकरण’ असा काहीतरी नमुना काढून हसवतो, दुसरा ‘ज्ञानभाषा’ हा शब्द ढालीसारखा पुढे धरतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या कामाला लागतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोष प्रत्ययाचा नाही. ‘शन’, ‘मेंट’, ‘इटी’ लावून केलेलं भाववाचक नाम म्हणजे एका अख्ख्या वाक्याचं गाठोडं असतं. कुणी, कुणाला, काय केलं, हे सगळं त्यात बांधलेलं असतं, म्हणून ते पुढच्या वाक्यात उचलून नेता येतं. तेव्हा विचारायचं एवढंच, की हे गाठोडं वाचकासमोर एकदा तरी सोडून दाखवलंय का, आणि कुणी मागणी केली तर पुन्हा सोडता येतं का. येत असेल तर शब्द सहा अक्षरी असो की दहा, तो राहू द्यावा. येत नसेल तर तो कितीही साधा, घरगुती दिसो, त्याची झडती घ्यावी.

या भांडणामागे एक जुनं वैर दडलेलं आहे, ते आधी बघू. इंग्रजीत ‘शन’ आला तो लॅटिनमधून, बहुतांशी फ्रेंचच्या हातानं, 1066 नंतर, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांच्या राज्यात. ‘नेस’ मात्र जुन्या इंग्रजीतला, शेतकऱ्याच्या घरचा. त्यामुळे ‘काइंडनेस’ प्रेमळ वाटतं आणि ‘कम्पॅशन’ला दरबारी वास येतो. (जाता जाता: लॅटिनचा ‘स्तातिओ’ आणि आपली ‘स्थिती’ हे एकाच धातूचे, एकाच प्राचीन प्रत्ययाच्या घराण्यातले. म्हणजे इंग्रजांना जो परका वाटतो तो ‘शन’ आपल्या गती, मती, कृतीचा लांबचा भाऊबंद आहे. दादर स्टेशनात धक्के खाताना हे आठवून काही फायदा होत नाही, ही गोष्ट वेगळी.) सोळाव्या शतकात लॅटिन शब्दांची एवढी आवक झाली, की त्यांना ‘दौतीतले शब्द’ म्हणून हिणवायची पद्धत पडली. सर जॉन चीक हे केंब्रिजमधले ग्रीकचे प्राध्यापक. आपली भाषा स्वच्छ आणि शुद्ध लिहावी, परक्या भाषांकडून उसनवारी करून तिची मोडतोड करू नये, असं त्यांनी 1557 साली एका पत्रात लिहिलं. गंमत अशी, की ‘प्युअर’, ‘मिक्स्ड’, ‘मँगल्ड’ हे त्या वाक्यातले शब्दच फ्रेंच-लॅटिनकडून आलेले! त्यांनी बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर केलं, त्यात ‘रेझरेक्शन’ला, म्हणजे पुनरुत्थानाला, ‘गेनरायझिंग’ असा देशी शब्द घातला. 1573 साली राल्फ लेव्हर यांनी तर्कशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव ‘विटक्राफ्ट’ ठेवलं, ‘डेफिनिशन’साठी ‘सेव्हॉट’ बनवला, ‘कन्क्लूजन’साठी ‘एंडसे’. एकोणिसाव्या शतकात कवी विल्यम बार्न्स यांनी पुन्हा तोच घाट घातला. यातलं काय उरलं? ‘डेफिनिशन’ उरलं, ‘सेव्हॉट’ कोशात गेलं.

आपल्याला हा इतिहास परका नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुळले. पण तालुका, जिल्हा, वकील, अर्ज, दस्त आहेत तिथेच आहेत, आणि त्यांना हटवण्याचा विचारही आज कुणाच्या मनात येत नाही. कोणता शब्द टिकला आणि कोणता गळाला, हे त्याच्या जन्मगावावरून ठरलं नाही. तो किती कामाला येतो, यावरून ठरलं. मग आज ‘शन’वर तुटून पडताना ‘लॅटिन म्हणजे लबाड, सॅक्सन (जुनी देशी इंग्रजी) म्हणजे सरळ’ हा जुना पूर्वग्रह नव्या कपड्यांत फिरतोय की काय, ही शंका घ्यायला जागा आहे. कारण ‘नेस’ काही धुतल्या तांदळाचा नाही. दर मे महिन्यात मुंबईत ‘मान्सून प्रिपेअर्डनेस’च्या बैठका होतात. ‘नेस’ अस्सल देशी. पण कोणता नाला, कुणी, कोणत्या तारखेला, किती खोल उपसला, हे त्या शब्दातून कळतं का? ‘अवेअरनेस’चं तेच. जनजागृती झाली म्हणे. कुणी कुणाला जागं केलं आणि तो जागा होऊन करतोय काय?

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करू या. जॉर्ज ऑर्वेलनं 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर लिहिलं, त्यातला आरोप आजही खोडता येत नाही. उघड्या, बचावाचं साधन नसलेल्या गावांवर विमानातून बाँब पडतात, माणसं रानोमाळ पळतात, गुरं गोळ्यांनी मारली जातात, झोपड्या पेटवल्या जातात, आणि या सगळ्याला म्हणायचं ‘पॅसिफिकेशन’, म्हणजे शांतता प्रस्थापित करणं. लाखो शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकलं की ते ‘रेक्टिफिकेशन ऑफ फ्रंटियर्स’, म्हणजे सीमांची दुरुस्ती. लोकांना खटल्याशिवाय वर्षानुवर्षं डांबलं किंवा मानेत गोळी घातली की ‘एलिमिनेशन’. तिन्ही ‘शन’च. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं ‘पॅसिफिकेशन’ हा शब्द कार्यक्रमाचं नाव म्हणून अधिकृतपणे वापरला. या शतकात संशयितांना पकडून, न्यायालयाला वळसा घालून, छळ होणाऱ्या देशांत पोचवलं गेलं, त्याचं नाव ‘एक्स्ट्राऑर्डिनरी रेंडिशन’. क्रियापदाला कर्ता लागतो, नामाला लागत नाही. ‘मारलं’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. ‘निर्मूलन’ म्हटलं की तो येत नाही. ही सोय ज्यांना हवी असते ते ‘शन’कडे धाव घेतात, हे खरंच आहे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. नाम दिलं की ती गोष्ट असल्यासारखी वाटायला लागते, आणि मग ती स्वतःच कामं करू लागते. 1991 नंतरचं आपलं राजकीय बोलणं आठवून पाहा. लिबरलायझेशन, प्रायव्हटायझेशन, ग्लोबलायझेशन हे तीन ‘शन’ आले, त्यांचे तीन ‘करण’ झाले आणि मराठी माणसानं त्यांची आद्याक्षरं जुळवून ‘खाउजा’ करून टाकलं. खाऊ जा! भाषेतला खट्याळपणा म्हणून मला तो शब्द फार आवडतो. पण त्या खट्याळपणाची किंमतही आहे. ‘जागतिकीकरण आलं’ असं आपण म्हणू लागलो, ‘पाऊस आला’च्या चालीवर. ‘खाउजाच्या लाटेत अमुक बंद पडलं.’ लाट कुणी सोडली? कोणत्या अर्थसंकल्पात, कोणत्या कलमात, कोणत्या मंत्रिमंडळाच्या कोणत्या बैठकीत? आयात शुल्क कुणी उतरवलं, परवाना पद्धत कुणी मोडली, त्यातलं काय चांगलं झालं आणि काय वाईट? त्या धोरणाचे समर्थक आणि विरोधक दोघंही तीस वर्षं एका शब्दाशी भांडत राहिले, ते धोरण करणारी माणसं बाजूला उभी राहून बघत होती. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो.

तिसरा आक्षेप शिक्षणाचा: असे शब्द सामान्य वाचकाला, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला, दारातच अडवतात. हा मात्र अर्धाच पटतो. पाठ्यपुस्तकात एका ओळीत चार ‘शन’ आले की मूल गांगरतं, कबूल. पण तेच मूल घरी ‘टेन्शन’ घेतं, बाप वायरमनच्या मागे लागून ‘कनेक्शन’ जोडून घेतो, आई ‘ॲडमिशन’साठी रांगेत उभी राहते, आजोबा ‘पेन्शन’ची वाट बघतात आणि गाव ‘इलेक्शन’मध्ये दोन तट पडून बसतं. यातल्या कुणाला लॅटिन येतं? शब्दाची लांबी आड येत नाही. मीटर, रांग, पासबुक असं काही हाताला लागलेलं असलं की ‘शन’ जिभेवर सहज बसतो. काहीच हाताला न लागता शब्दावर शब्द येत राहिले की गाडी अडते. म्हणजे आपण पुन्हा गाठोडं सोडून दाखवण्यापाशीच आलो.

मग ‘शन’ हवेतच कशाला? क्रियापदांनी भागत नाही का? इथे सोपेपणाच्या कैवाऱ्यांचं चुकतं. विचार पुढे न्यायचा तर आधी सिद्ध केलेली गोष्ट पुढच्या वाक्यात हाताशी लागते, आणि ती वाक्याच्या रूपात हाताशी राहत नाही. न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये लिहिलं, पण 1704 सालचं ‘ऑप्टिक्स’ त्यानं इंग्रजीत काढलं. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांतच ‘रिफ्रँजिबिलिटी’ हा जबडा दुखवणारा शब्द आहे. न्यूटन तो नुसता फेकत नाही. प्रकाशाचे किरण एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात जाताना आपल्या वाटेवरून वळतात, त्या वळण्याच्या त्यांच्या प्रवृत्तीला हे नाव, असं तो आधी सांगतो. आणि मग त्याचा पहिलाच सिद्धांत एका ओळीचा होतो: ज्या प्रकाशांचा रंग वेगळा त्यांची रिफ्रँजिबिलिटीही कमीअधिक. त्या नामाशिवाय हा सिद्धांत मांडायचा तर प्रत्येक वेळी माध्यम, वाट, वळणं हे सगळं पुन्हा सांगावं लागेल आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचक कर्ता-कर्म हुडकत बसेल. ‘कमीअधिक’ हे तरी कशाला लावणार? क्रियेला माप लावायचं तर आधी ती वस्तूसारखी समोर ठेवावी लागते. तापमान, घनता, व्याजदर, मृत्युदर हे सगळं याच वाटेनं आलं.

विज्ञानाचं ठीक आहे, लोकजीवनाचं काय? तिथलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या राज्यघटनेत आहे, आणि सोप्या इंग्रजीचा कैवार घेणाऱ्या एकाही भारतीयानं ते विचारात घेतलेलं माझ्या वाचनात नाही. अनुच्छेद 17. ‘अनटचेबिलिटी’ नष्ट करण्यात आली आहे, असं ते सांगतं. ‘इटी’ प्रत्ययाचं लांबलचक भाववाचक नाम, कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. लेखन तपासणाऱ्या साधनाला दिलं तर तिन्हींखाली लाल रेघ येईल. 29 नोव्हेंबर 1948 रोजी हा अनुच्छेद संविधान सभेपुढे आला तेव्हा क्रियापदाचा पर्यायही टेबलावर होता. नझीरुद्दीन अहमद यांनी दुरुस्ती सुचवली होती, तिचा आशय असा की धर्म किंवा जात यांवरून कुणालाही ‘अस्पृश्य’ म्हणून वागवलं किंवा मानलं जाणार नाही. बघा, किती स्वच्छ! माणूस आहे, वागवणं आहे, कारणही सांगितलं आहे. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा यांनी विचारलं, की या शब्दाची व्याख्या कुठेच नाही. ठरावीक दिवसांत बायकांनाही शिवत नाहीत, मग तोही या अनुच्छेदाखाली गुन्हा होणार का? व्याख्या तरीही घातली गेली नाही. शब्द अवतरण चिन्हांत ठेवला गेला आणि त्याच्या आचरणाला ‘कोणत्याही स्वरूपात’ मनाई झाली.

अहमद यांचं वाक्य का चाललं नसतं? कारण ते एका माणसानं दुसऱ्याला वागवण्यापुरतं आहे, तेही धर्म आणि जात या दोन कारणांपुरतं. अस्पृश्यता म्हणजे कुणा एकाचं वागणं नव्हतं. ती विहिरीच्या काठावर होती, गावाच्या रचनेत होती, वाऱ्याच्या दिशेनं ठरलेल्या वस्तीत होती, हॉटेलातल्या वेगळ्या कपात होती. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला लोक गेले. ते तळं तर नगरपालिकेनं आधीच कागदोपत्री सर्वांना खुलं केलं होतं! म्हणजे ‘अमक्याला अमकं करू दिलं जाईल’ या चालीचं सोपं वाक्य तिथे होतंच, आणि त्यावर दगड पडत होते. एकेक क्रियापद बंद करत गेलं की प्रथा पुढचं क्रियापद शोधून काढते. सगळ्या क्रिया, अजून न सुचलेल्यासुद्धा, एका पकडीत धरायच्या तर नामच लागतं. 1958 साली म्हैसूर उच्च न्यायालयानं त्या अवतरण चिन्हांचा अर्थ लावला: शब्दशः न शिवणं इथे अभिप्रेत नाही, इतिहासात या देशात जी प्रथा घडत गेली ती अभिप्रेत आहे. आणि शहांनी विचारलेला प्रश्न तब्बल सत्तर वर्षांनी, 28 सप्टेंबर 2018 रोजी, केरळच्या शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या निकालात समोर उभा राहिला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात मासिक पाळीवरून होणारी मनाई या अनुच्छेदाच्या कक्षेत धरली. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी वेगळं मत देताना ते मानलं नाही. कोण बरोबर, हा इथला विषय नाही. व्याख्या घालून शब्द बंद केला असता तर हा वाद न्यायालयात उभाच राहिला नसता, एवढं मात्र दिसतं.

पण यावरून ‘मोघम नाम बरं’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तोही फसेल. घटनेनं गाठोडं बांधलं, संसदेनं ते सोडलं. 1955 सालचा अस्पृश्यता गुन्हे कायदा वाचला तर कंटाळा येईल इतक्या बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत: देवळात जाऊ न देणं, दुकानात, खाणावळीत, हॉटेलात शिरू न देणं, तिथली भांडी वापरू न देणं, नदी, झरा, विहीर, तळं, नळ, घाट, स्मशान यांवर अडवणं, दवाखान्यात दाखल करून न घेणं, माल विकायला नकार देणं. प्रत्येकाला कर्ता आहे, प्रत्येकाला शिक्षा आहे. 1976 साली या कायद्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. वर एक नाम आणि खाली क्रियापदांची लांब यादी, ही जोडी महत्त्वाची. वरचं नसतं तर यादीला पळवाटा, खालची नसती तर नाम म्हणजे नुसती घोषणा.

ही जोडी तुटली की काय होतं, तेही आपल्याच गावात दिसतं. 1989 सालचा अत्याचार प्रतिबंधक कायदा मराठी खेड्यात एकाच शब्दानं ओळखला जातो: ‘ॲट्रॉसिटी’. पुन्हा ‘इटी’. मूळ कायद्याचं तिसरं कलम उघडून बघा. अखाद्य, किळसवाणी वस्तू खायला किंवा प्यायला भाग पाडणं. घराच्या आवारात विष्ठा किंवा मेलेलं जनावर आणून टाकणं. कपडे उतरवून धिंड काढणं. जमीन बळकावणं. पाण्याचा साठा घाण करणं. वाचवत नाही अशी यादी आहे, आणि तीतलं एकही क्रियापद कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. आता पारावरचं वाक्य ऐका: ‘त्यानं याच्यावर ॲट्रॉसिटी लावली.’ या वाक्याचा कर्ता कोण? ज्याच्यावर अत्याचार झाला तो! इंग्रजी नाम मराठीत आलं, त्याला ‘लावणं’ हे क्रियापद जोडलं गेलं, आणि करणारा व सोसणारा यांची जागा चक्क उलटी झाली. विष्ठा कुणी टाकली हे वाक्याबाहेर गेलं. तक्रार कुणी केली तेवढं आत राहिलं. कायद्याच्या गैरवापराची चर्चा होऊ नये असं मी म्हणत नाही, कुठल्याही कायद्याच्या बाबतीत ती व्हावीच. पण ती चर्चा ‘ॲट्रॉसिटी’ या बांधलेल्या शब्दावर घोळत राहते आणि तिसऱ्या कलमापर्यंत पोचत नाही. ऑर्वेलच्या आरोपाचं यापेक्षा चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही. तरीही उपाय हा शब्द काढून टाकण्याचा नव्हे. तो काढला तर पोलीस ठाण्यात जाणाऱ्याकडे एका घटनेची कैफियत उरेल, आणि ‘किरकोळ भांडण’ म्हणून ती वहीच्या मागच्या पानावर जाईल. स्त्रियांच्या बाबतीत हे झालेलंच आहे. ‘हरॅसमेंट’ हा शब्द कामाच्या जागी येईपर्यंत प्रत्येकीची एक वेगळी, एकटीची गोष्ट होती आणि सगळ्या मिळून तिला ‘छेडछाड’ म्हणत. 1997 च्या विशाखा निकालानं आणि 2013 च्या कायद्यानं त्या गोष्टींना एक नाव आणि एक समिती दिली.

राहिला प्रश्न साध्या शब्दांच्या साधेपणाचा. सोपं लिहिलं की फसवता येत नाही, हा या सगळ्या मोहिमेचा पाया. गिरणगावात जाऊन हे म्हणून दाखवावं. 1982 चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बसत गेल्या. 1991 सालच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमानं ढोबळमानानं असं ठरलं, की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना एक तृतीयांश भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. मुंबईच्या पोटातली सुमारे 600 एकर जमीन! 2001 साली नियमात बदल झाला. तो कुठल्या अगम्य ‘शन’नं झाला का? छे. झाला तो ‘ओपन लँड’ या दोन बालबोध शब्दांच्या अर्थानं. मोकळी जमीन म्हणजे आधीपासून रिकामी पडलेली तेवढीच. गिरणीची इमारत पाडल्यावर मोकळी होणारी त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे शेड आणि इमारतीच, रिकामी जागा ती कितीशी असणार? वाटणीत द्यायचं क्षेत्र आक्रसलं. उच्च न्यायालयानं 2005 साली लोकांच्या बाजूनं अर्थ लावला, सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली बदललेला नियम उचलून धरला. लोअर परळला आज जे मॉल आणि मनोरे उभे आहेत, त्यांचं बरंच श्रेय दुसरीच्या मुलालाही वाचता येतील अशा दोन शब्दांना आहे. सोपेपणाच्या कोणत्याही चाळणीतून ते शब्द विनाहरकत निघाले असते.

म्हणून लेखन सुधारायच्या कार्यशाळांत जे शिकवतात त्यावर माझा विश्वास नाही. समजा, एका रस्त्यासाठी जमीन जाणार आहे आणि नोटिशीत लिहिलंय, ‘प्रकल्पबाधितांचे पुनर्वसन करण्यात येईल.’ कार्यशाळेतले सर ते दुरुस्त करून देतील: ‘आम्ही तुम्हाला पुन्हा वसवू.’ कर्ता आला, क्रियापद आलं, ‘तुम्ही’ म्हणून आपुलकीही आली. आणि कळलं काय? शून्य. उलट या नव्या वाक्याला कायद्यात कुठेच पत्ता नाही. ‘पुनर्वसना’ला आहे. 2013 सालच्या भूसंपादन कायद्याचं इंग्रजी नाव म्हणजे ‘शन’ आणि ‘मेंट’ची दिंडीच: कॉम्पेन्सेशन, ॲक्विझिशन, रिहॅबिलिटेशन, रिसेटलमेंट. नावाला हसून पुस्तक मिटणारे बरेच भेटतात. न मिटता दुसऱ्या अनुसूचीपर्यंत गेलं तर तिथे ‘रिहॅबिलिटेशन’चा अर्थ आकड्यांत आहे. घर गेलं असेल तर घर. नोकरी, किंवा एकरकमी 5 लाख रुपये, किंवा 20 वर्षं दरमहा किमान 2000 रुपये. विस्थापित कुटुंबाला एक वर्ष दरमहा 3000 रुपये निर्वाहासाठी, सामान हलवायला 50000. हे आकडे पुरेसे आहेत असं मी म्हणत नाही, पण ते मागता येतात. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हा ‘पुनर्वसन’ हा शब्द होता, त्याच्यामागे कायदा नव्हता. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला 1976 साली. कोयनेचे धरणग्रस्त आणि त्यांची पुढची पिढी त्यानंतरही जमिनीसाठी मोर्चे काढत राहिली. त्यांच्या फलकांवर शब्द तोच असतो, पुनर्वसन, कारण तहसील कचेरीतल्या टेबलावर त्याच शब्दाची फाइल असते, आणि ती उघडायला लावायची असते.